टिपलेले आणि मांडलेले

मराठीतले 'टिपणे' हे क्रियापद मोठे कष्टाळू आहे. चिमणी दाणे टिपते, शिकारी सावज टिपतो, आई लेकराच्या कपाळावरचा घाम पदराने टिपते. शाईच्या पेनांच्या काळात प्रत्येकाच्या वहीत एक गुलाबी टीपकागद असे. तो अक्षरांवरची ओली शाई टिपून घेई. आणि ऐकलेले, सुचलेले, ठरलेले विसरू नये म्हणून आपण लिहून ठेवतो, तेही टिपणेच. या सगळ्यांत चिमणी आणि टीपकागद ही दोन टोके. चिमणी खडा सोडते आणि दाणा उचलते. टीपकागद काहीच सोडत नाही. त्याच्यावर पन्नास पत्रांची शाई उतरलेली असते, पण उलटी आणि एकावर एक चढलेली. त्यातले एक पत्रही पुन्हा वाचता येत नाही.

फोनमध्ये नोंदी ठेवण्याची जी अ‍ॅप्स आज घरोघरी आहेत, त्यांच्याबद्दल बोलताना ही दोन टोके ध्यानात ठेवलेली बरी. मायक्रोसॉफ्टचे वननोट २००३ सालचे. पहिल्या आयफोनबरोबर, म्हणजे २००७ साली, अ‍ॅपलच्या नोट्स आल्या. २००८ मध्ये एव्हरनोट, २०१३ मध्ये गुगल कीप, आणि त्यानंतर नोशन, ऑब्सिडियन अशी रांगच लागली. यांपैकी कोणतेही न वापरणारी मंडळी व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच निरोप पाठवून ठेवतात. तेही एक प्रकारचे टिपणच. या सगळ्यांची मूळ कामे सारखीच. टाइप करा, नाहीतर मराठीत बोला आणि अक्षरे उमटू द्या. पावतीचा फोटो जोडा. यादी करा आणि झालेल्या कामावर खूण करा. टिपेला एखादे लेबल लावा, अमुक दिवशी आठवण करून द्यायला सांगा, घरातल्या माणसाला ती टीप उघडून द्या. फोनवर लिहिलेले संगणकावर दिसते आणि संगणकावरचे फोनवर. आमच्या पिढीने खिशातल्या डायरीकडून याच्या शतांशाचीही अपेक्षा केली नव्हती.

एवढे सगळे हाताशी असून होते काय? माझ्या एका परिचिताने कौतुकाने आपला फोन पुढे केला. एकोणीसशेच्या वर टिपा होत्या. मी सहज वरून खाली बोट फिरवले. एक दहा आकडी क्रमांक, नाव नाही. '६ x ४ की ५?' एवढाच मजकूर असलेली एक टीप. 'पंखा'. कुठल्याशा दुकानाच्या पाटीचा फोटो. एका भाषणातली अर्धी वाक्ये. वक्ता कोण, गाव कोणते, पत्ता नाही. आणि 'जोशींना विचारणे'. पुण्यात राहून नुसते 'जोशी' असे लिहून ठेवायला धैर्य लागते. कोणते जोशी आणि काय विचारायचे, हे त्यांनाही सांगता येईना. "पण आहे सगळं यात," ते म्हणाले. ते खरेच होते. टीपकागदावरही सगळे असतेच.

पेढीवरच्या जुन्या मराठी जमाखर्चात दोन वह्या मुख्य असत: कीर्द आणि खतावणी. कीर्दीत दिवसभरात जे जसे घडेल ते त्या क्रमाने लिहायचे. सकाळी तेलाचे डबे आले, दुपारी हमालाला पैसे दिले, संध्याकाळी कोणी उधारी चुकती केली; सगळे एकाखाली एक. मग निवांत बसून त्यातला एकेक व्यवहार उचलायचा आणि खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर, पान लावून, नोंदवायचा. गिऱ्हाईक दारात येऊन 'माझ्याकडे किती निघतात?' असे विचारी, तेव्हा कीर्द कितीही सुबक अक्षरात लिहिलेली असली तरी तिचा उपयोग नसे. खतावणी उघडावी लागे. बँकेत याचीच मोठी आवृत्ती होती. कागदी लेजरांच्या दिवसांत संध्याकाळी व्हाउचरे, रोख आणि खाती यांचा मेळ लागल्याशिवाय शाखा बंद होत नसे. आठ रुपयांच्या फरकासाठी चार माणसे रात्री नऊपर्यंत आकड्यांवर बोटे फिरवत बसलेली मी पाहिली आहेत. घरून फोन येत, चहा गार होई, कोणी वैतागून म्हणे, 'मी माझ्या खिशातून आठ रुपये देतो, पण सोडा!' तसे चालत नसे, कारण प्रश्न आठ रुपयांचा नव्हताच.

नोंदीचे अ‍ॅप ही उत्तम कीर्द आहे. इतकी चपळ कीर्द माणसाला आजवर मिळाली नव्हती. खतावणी मात्र ते आपण होऊन करत नाही. ती आपल्याला करावी लागते, आणि नेमकी तीच कोणी करत नाही. अ‍ॅप घेतल्याने काम नीट होत नाही, अशी तक्रार ज्यांच्याकडून ऐकली, त्यांपैकी बहुतेकांचे दुखणे मला इथेच सापडले. अ‍ॅप बदलून ते बरे होत नाही. तरीही लोक दर दोन वर्षांनी नवे अ‍ॅप घेतात आणि जुन्याची रद्दी नव्यात ओततात.

'शोधाची सोय आहे ना, मग मांडायचे कशाला?' असे तरुण मंडळी विचारतात. शोधाची सोय मोठीच आहे, यात शंका नाही. पण यंत्राला आपण शब्द द्यावा लागतो, आणि आपल्याला नेमका तोच शब्द आठवत नसतो. त्यात आपली मराठी. 'पावती' एकदा ऱ्हस्व तीने लिहिली, एकदा घाईत रोमन अक्षरांत लिहिली, आणि तिसऱ्यांदा बोलून टिपताना यंत्राने तिची 'पार्वती' केली, तर त्या तीन पावत्या एका हाकेला येत नाहीत. म्हणून मी एक साधा नियम पाळतो. टिपेच्या पहिल्या ओळीत तीन गोष्टी देवनागरीत लिहायच्या: कशाबद्दल, कोणाकडून, कोणती तारीख. 'फ्रिज कॉम्प्रेसर वॉरंटी, कोपऱ्यावरचे दुकान, १२ मे २०२४.' त्याखाली हवा तेवढा गोंधळ असू दे. आकडे कोणत्या लिपीत लिहायचे तेही एकदाच ठरवावे. एवढी ओळ लिहायला दहा सेकंद लागतात, आणि ती नसली की अर्धा तास जातो.

बँकेतल्या आणखी दोन गोष्टी मला या कामी जशाच्या तशा उपयोगी पडल्या. पहिली म्हणजे सस्पेन्स अकाउंट, आपल्या जुन्या शब्दांत उचंत खाते. पैसा आला आहे, पण कोणाचा, कशाबद्दलचा हे कळत नाही. तो तात्पुरता तिथे ठेवायचा. असे खाते असणे गैर नाही. त्यावाचून बँक चालायची नाही. पण तपासनीस शाखेत आला की आधी तेच उघडी. त्यात रक्कम किती आहे यापेक्षा ती किती दिवसांची आहे हे तो पाही. तीन दिवसांची नोंद म्हणजे कामाचा ओघ. तीन महिन्यांची म्हणजे कोणीतरी डोळेझाक केली आहे. अ‍ॅपमध्ये घाईने टाकलेली, लेबल नसलेली प्रत्येक टीप ही उचंत खात्यातली रक्कम आहे असे मी मानतो. रविवारी सकाळी चहा झाला की वीस मिनिटे त्यासाठी ठेवली आहेत. जुन्यात जुनी टीप आधी घ्यायची. तिचा अर्थ लागत नसेल तर काढून टाकायची. हळहळ वाटते, पण काढायची. अपुरी असेल तर पुरी करायची. मग तिच्या खात्यावर. माझी खाती मोजून सहा आहेत: घर, प्रकृती, पैसा, कागदपत्रे, माणसे, लेखन. एका गृहस्थांची चाळीस लेबले पाहिली, त्यांत 'इतर', 'संकीर्ण' आणि 'किरकोळ' ही तिन्ही होती. चाळीस खाती उघडणाऱ्याला नोंद कुठे टाकायची हे ठरवण्यातच शीण येतो, आणि मग तो कुठेच टाकत नाही.

दुसरी गोष्ट ड्यू डेट डायरी. कोणत्या ठेवीची मुदत कधी संपते, कोणत्या मालाचा विमा कधी उतरवायचा, हे त्या तारखेच्या पानावर आधीच लिहून ठेवलेले असे आणि सकाळी शाखा उघडली की आधी ते पान पाहायचे. यातली सर्वांत जोखमीची नोंद वचनचिठ्ठीची. कर्जदाराने सही करून दिलेली मागणीची वचनचिठ्ठी मुदतीच्या कायद्याप्रमाणे तीन वर्षे जिवंत असते. त्याआधी त्याच्याकडून कर्ज मान्य असल्याची लेखी कबुली घेतली तर नवी मुदत सुरू होते. एक दिवस उशीर झाला तर तिच्या जोरावर कोर्टात दाद मागता येत नाही. लाखाचे कर्ज असो की कोटीचे, त्याचा जीव डायरीतल्या एका ओळीत असे.

घरातही अशा मुदती काही कमी नसतात. पासपोर्ट, गाडीचा विमा, प्रदूषणाचे प्रमाणपत्र, ठेवींच्या तारखा, पेन्शनरांना नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला, ज्येष्ठांच्या आरोग्यविम्याचा हप्ता. हा हप्ता चुकला आणि सवलतीचे दिवसही उलटले, की सत्तरीतल्या माणसाला नवी पॉलिसी मिळवताना काय यातायात पडते ते ज्यांनी केले आहे त्यांना विचारावे. अ‍ॅपमधली आठवणीची सोय या एका कामासाठी वापरली तरी त्याचे सार्थक झाले. फक्त आठवण मुदतीच्या दिवसाची लावू नये, तीन आठवडे आधीची लावावी. आणि टिपेत 'विमा' एवढेच न लिहिता पॉलिसीचा क्रमांक, कागद कोणत्या कपाटात आहे आणि मागच्या वेळी कोणाशी बोललो, हेही लिहावे.

नोकरीतल्या लोकांना याहून थोडे वेगळे सांगावे लागेल. माझी एक भाची कचेरीत दिवसाला चार बैठकांना बसते. आता बैठकीतले सगळे बोलणे उतरवून घेणारी आणि वर त्याचा सारांश काढून देणारी यंत्रे आली आहेत. तिच्याकडेही ते आहे. सारांश बरा असतो, कधी कधी फारच बरा असतो. पण बैठकीत जे बोलले गेले नाही ते त्यात येत नाही. साहेबांनी कोणत्या मुद्द्यावर विषय बदलला, कोण 'बघतो' म्हणाला आणि कोण 'करतो' म्हणाला, हे तिथे हजर असलेल्या माणसालाच कळते. भाची आता सारांशाखाली स्वतःच्या हाताने तीन ओळी लिहिते: कोणी, काय, कधीपर्यंत, आणि ज्याच्याकडून यायचे आहे त्याचे नाव. "मामा, सारांश कोणी वाचत नाही. या तीन ओळी मात्र मी शुक्रवारी उघडते, आणि लोकांना ते माहीत आहे," असे तिने सांगितले. या सांगण्यातला दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटला.

घरातल्या नोंदींचा इतिहास लिहायचा तर मराठी घरात तो स्वयंपाकघरातल्या भिंतीपासून सुरू करावा लागेल. कालनिर्णय १९७३ पासून निघते. त्याच्या चौकटींत तिथी-वार-सणांच्या शेजारी आपण काय काय लिहिले! दुधाचे खाडे, गॅसची टाकी लावल्याची तारीख, कामवाल्या बाईंना दिलेली उचल, दंतवैद्याची वेळ, धाकट्याची परीक्षा. हे टिपण भिंतीवर टांगलेले असे; ते सासूबाईंना दिसे, मुलांना दिसे, पाहुण्यांनाही दिसे. त्याला ना कुलूप ना पासवर्ड. 'आज दूध घ्यायचे नाही' हे घरातल्या कोणालाही कोणी सांगावे लागत नसे. फोनमध्ये नोंदी गेल्या तेव्हा त्या चपळ झाल्या, पण एका माणसाच्या खिशात गेल्या. घराची आठवण एकाची खासगी मालमत्ता झाली. बहुतेक घरांत तर ती दोघांच्या दोन खिशांत वाटली गेली आणि दोघेही 'तुला सांगितलं होतं' असे म्हणू लागले.

म्हणून घरच्या टिपा वाटून घ्याव्यात, असे मी आग्रहाने सांगतो. वाणसामानाची एकच यादी दोघांच्या फोनवर असली की रव्याचे दोन पुडे येत नाहीत. मंडईत उभे राहून 'कोथिंबीर सांगितली होती का?' असा फोन करावा लागत नाही. आमच्या घरात सौभाग्यवतींनी या सोयीचा माझ्याहून चतुर उपयोग केला. त्यांनी दिवाळीची टीप उघडली. चकलीची भाजणी किती केली, किती उरली, कोणाकडे डबा पाठवला, कोणाकडून आला. दर वर्षी खाली चार ओळी. पाककृती पुस्तकांत मिळते, पण 'माणसे कमी झाली, आता निम्मीच पुरे' हे कोणत्या पुस्तकात मिळणार? आहेराची वहीही त्यांनी त्यात घेतली. भिंतीच्या रंगाचा क्रमांक, पडद्यांची मापे, नळाच्या वायसरचा आकार, पाण्याच्या गाळणीची कँडल कधी बदलली. या गोष्टी दिसायला क्षुल्लक, पण त्या आयत्या वेळी हाताशी असल्या की घरातले भांडण निम्म्याने कमी होते.

प्रकृतीचे खाते मी सर्वांत नेटके ठेवतो. रक्तदाबाचे आकडे तारखेसह, औषधांची नावे आणि कोणते कोणत्या डॉक्टरांनी लिहून दिले, आणि पुढच्या भेटीत विचारायचे प्रश्न. डॉक्टरांसमोर बसल्यावर रोग्याला निम्मे प्रश्न आठवत नाहीत, आणि जिन्यावर आल्यावर सगळे आठवतात.

लेखनाच्या खात्याबद्दल मात्र मी एवढा उत्साही नाही. कादंबरी लिहिणाऱ्याला टिपणाची सवय असतेच. एसटीत मागच्या बाकावर दोन बायका बोलत असतात, एखादे वाक्य कानावर पडते आणि हात आपोआप फोनकडे जातो. पण वाक्य टिपले की ते मनातून उतरते, असा माझा अनुभव आहे. याला शास्त्राचाही थोडा आधार आहे. २०११ साली 'सायन्स' या नियतकालिकात बेट्सी स्पॅरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संगणकावर टाइप केलेली माहिती जपून ठेवली जाणार आहे असे ज्यांना वाटले, त्यांना ती कमी आठवली. ती पुसली जाणार आहे असे ज्यांना सांगितले होते, त्यांना अधिक. गंमत म्हणजे माहिती कोणती होती यापेक्षा ती कुठे ठेवली आहे हेच लोकांना जास्त लक्षात राहिले. विम्याच्या पॉलिसीच्या बाबतीत हे फायद्याचे आहे. क्रमांक पाठ कशाला हवा, जागा कळली की पुरे. एखाद्या पात्राच्या बाबतीत तसे नाही. ते डोक्यात घोळत, आंबत राहावे लागते. म्हणून मी लेखनाची टीप पंधरा दिवस न उघडता ठेवतो. जे त्या अवधीत न पाहता आठवले तेच कामाचे समजतो. हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लुहमान यांनी आयुष्यभरात सुमारे नव्वद हजार टाचणे लिहून पेट्यांत लावली आणि त्यांतून ग्रंथामागून ग्रंथ सिद्ध केले. पण त्यांची टाचणे नुसती साठवलेली नव्हती. प्रत्येकाला क्रमांक होता आणि एक टाचण दुसऱ्याकडे बोट दाखवीत होते. म्हणजे पुन्हा खतावणीच.

आता ज्या गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप मांडला ती सांगतो. आमच्या ओळखीतले एक निवृत्त इंजिनिअर होते. अतिशय व्यवस्थित माणूस. निवृत्तीनंतर त्यांनी घरातले कागद हळूहळू फोनमध्ये घेतले. ठेवी, पॉलिसी, फंडांचे फोलिओ, सोसायटीचे भाग, गावाकडच्या जमिनीचे उतारे, सगळे लेबले लावून. पुष्कळसे कागद मग त्यांनी रद्दीतही दिले. एका पावसाळ्यात, चार दिवसांच्या आजारात ते गेले. तेराव्यानंतर आम्ही दोघेतिघे वहिनींकडे बसलो होतो. फोन समोर टेबलावर होता. त्या म्हणाल्या, "भावोजी, ह्यांच्या अंगठ्यानंच उघडायचा तो."

त्यापुढचे सात-आठ महिने त्या घराने कसे काढले ते जवळून पाहिले. मुलगा परदेशात. कोणत्या बँकेत किती खाती याचा अंदाजच नव्हता, कारण पत्रव्यवहार ई-मेलवर आणि ई-मेल फोनमध्ये. मध्यंतरी रिचार्ज न झाल्याने त्यांचा नंबर बंद पडला, आणि मग कुठलाही ओटीपी यायची वाट बंद झाली. शेवटी जुन्या पासबुकांतून, आयकर विवरणाच्या एका छापील प्रतीवरून एकेक धागा काढत बरेचसे मिळाले. सगळे मिळाले की नाही हे आजही कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्या गृहस्थांची खतावणी बिनचूक होती. ती वाचणारे दुसरे डोळे तेवढे त्यांनी नेमले नव्हते.

हे एकट्या त्या घराचे नाही. दहा वर्षे ज्यांना कोणी हात लावला नाही अशा ठेवी बँकांकडून रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जातात. ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधी असे त्याचे लांबलचक नाव आहे आणि तो २०१४ मध्ये सुरू झाला. मार्च २०२४ अखेर त्यात ७८,२१३ कोटी रुपये होते. हा पैसा बुडालेला नाही; वारस केव्हाही पुढे येऊन मागू शकतात. शोधायला सोपे जावे म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने 'उद्गम' नावाचे संकेतस्थळही काढले. अनेक बँकांतल्या बेवारस ठेवी तिथे एका जागी, नावावरून शोधता येतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते. पण नामनिर्देशित व्यक्तीला ते खाते आहे हेच ठाऊक नसेल, तर चार काय आणि चाळीस काय.

यावर उपाय फार अवघड नाही. पैसा आणि कागदपत्रे या खात्यांतली एक टीप, फक्त एकच, अशी करावी की जिच्यात रकमा नाहीत, पासवर्ड नाहीत, पिन नाही. केवळ काय कुठे आहे एवढेच आहे. अमुक बँकेच्या अमुक शाखेत दोन खाती. लॉकर तिथे, किल्ली इथे. पॉलिसी तीन. घराचे मूळ खरेदीखत कोणाकडे. ही टीप पत्नीला किंवा पतीला आणि एका मुलाला उघडून द्यावी. पिन आणि पासवर्ड साध्या टिपेत लिहिणे म्हणजे दाराच्या चौकटीवर किल्ली ठेवणे. चोरालाही ती जागा माहीत असते. लिहायचेच असेल तर अ‍ॅपलच्या नोट्समध्ये टिपेला कुलूप लावता येते, वननोटमध्ये एखाद्या विभागाला पासवर्ड लावता येतो. त्यापलीकडे गुगलच्या खात्यात 'इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' म्हणून एक सोय आहे. आपण ठरवलेल्या मुदतीपर्यंत, म्हणजे तीन महिन्यांपासून अठरा महिन्यांपर्यंत, खाते वापरले गेले नाही, तर आपण नेमलेल्या माणसांना त्यातला आपण निवडलेला मजकूर मिळतो. ही सोय मुद्दाम जाऊन लावावी लागते. शिवाय दोन वर्षे न वापरलेली खाती पुसून टाकण्याचे धोरण गुगलने २०२३ मध्ये जाहीर केले आहे, हेही लक्षात असू द्यावे. अ‍ॅपलने डिसेंबर २०२१ पासून 'लेगसी कॉन्टॅक्ट' नेमण्याची मुभा दिली. दोन्हींना मिळून अर्धा तास पुरतो. हा विषय जेवणाच्या टेबलावर काढला की घरातले लोक 'काहीतरीच काय बोलता' म्हणतात. म्हणू द्यावे.

राहता राहिला प्रश्न त्या अ‍ॅपच्याच आयुष्याचा. गुगलने २००६ साली 'नोटबुक' नावाची अशीच एक वही काढली होती. २०१२ मध्ये ती मिटली. एव्हरनोटचे तेव्हाचे प्रमुख फिल लिबिन शंभर वर्षे टिकणारी कंपनी उभी करण्याची भाषा करीत असत. २०२३ च्या सुरुवातीला ती कंपनी बेंडिंग स्पून्स या इटालियन कंपनीकडे गेली आणि त्याच वर्षी डिसेंबरात मोफत वापरणाऱ्यांवर पन्नास टिपांची मर्यादा आली. ज्यांच्या तिथे हजारो टिपा होत्या त्यांची काय धांदल उडाली असेल! म्हणून आपला मजकूर बाहेर काढून घेण्याची वाट पहिल्याच दिवशी पाहून ठेवावी. गुगलमध्ये ती 'टेकआउट' या नावाने आहे. ऑब्सिडियनसारखे अ‍ॅप टिपा आपल्याच संगणकावर साध्या मजकुराच्या फायलींत ठेवते, त्या कोणत्याही दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडतात. ज्यांना थोडी तांत्रिक खटपट चालते त्यांना ते मानवेल.

कागद मात्र टिकतो, असे म्हणून सुस्कारा टाकण्यातही अर्थ नाही. पुण्यातले पेशवे दप्तर टिकले आहे. त्यातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात निघाले. पण मोडी वाचणारे कमी होत गेले आणि उरलेल्या रुमालांपैकी किती तरी अजून वाचकाची वाट पाहत आहेत. 'फडणीस' हा शब्दच मुळी फर्द लिहिणारा यावरून आला. फर्द लिहिणारे होते तसे ती नेमकी काढून देणारेही दरबारी होते. म्हणून ते दप्तर चालले.

आमच्या घरी मार्चअखेर एक छोटे काम असते. सगळ्या टिपांची प्रत संगणकावर उतरवायची आणि 'काय कुठे आहे' ही टीप छापायची. यंदा ती दोन पाने भरली. ती पाने कपाटात रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जातात. मागच्या वर्षीची पाने काढताना दिसले की समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात तीन दुरुस्त्या आहेत. लॉकरच्या किल्लीची जागा, एका पॉलिसीचा बदललेला हप्ता, आणि धाकट्याचा नवा फोन नंबर. अक्षर माझे नव्हते. तिन्ही दुरुस्त्या बरोबर होत्या, त्या मी फोनमध्ये चढवून घेतल्या.